लेदर सॅडल: आराम हवा की टिकाऊपणा, की दोन्ही?

दूरचाकी

लेदर सॅडल, म्हणजे सायकलची चामड्याची सीट, घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ब्रँडचा येतो. ब्रूक्स की बर्थू? ब्रूक्सचीच बी १७ की टीम प्रो? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी बघायचं ते आपण सायकलवर किती वाकून बसतो, मग सीटची रुंदी, मग चामड्याची जाडी. हे तीन जुळले की ब्रँडमधला फरक फारसा उरत नाही. हे जुळलं नाही तर नावाजलेली सीटही छळते. बऱ्याच दिवसांपासून यावर सविस्तर लिहायचं होतं, म्हणून हा धागा.

आधी रचना. फोमच्या सीटवर पातळ चामडं चढवलेलं असतं तिलाही दुकानात लेदर सीट म्हणतात. तिच्याबद्दल मी बोलत नाही. ताणलेल्या चामड्याची सीट म्हणजे सुमारे ४ ते ६ मिमी जाडीचा एकच तुकडा, मागे पोलादी पट्टीला आणि पुढे नाकाशी रिवेटांनी पक्का केलेला. मधल्या भागात खाली आधाराला काहीच नाही. खाटेच्या नवारीसारखं तिचं काम चालतं: ताण आहे तोवर भार पेलते, ताण गेला की झोळी होते. आराम आणि आयुष्य, दोन्ही या ताणावर.

सायकलवर आपला भार बसायच्या दोन हाडांवर यायला हवा. जाड जेलच्या सीटमध्ये ही हाडं आत रुततात आणि मधलं जेल वर उचलून नेमक्या नाजूक भागावर दाब देतं. अर्ध्या तासाच्या फेरीत कळत नाही, चार तासांच्या राइडमध्ये चांगलंच कळतं. चामडं उलट वागतं. हाडांखाली ते हळूहळू खोलगट होतं आणि बाकी ठिकाणी ताठ राहतं. पहिल्या दिवशी टणक लागणारी सीट लांब राइडला बरी का वाटते, याचं कारण हेच.

रुंदीसाठी घरच्या घरी मोजमाप करता येतं. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून बसायचं, सायकलवर वाकतो तितकं पुढे वाकायचं, पाय किंचित उचलायचे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात निदान २० ते ३० मिमी मिळवा. लेदर सॅडलला मी आणखी थोडी सूट ठेवायला सांगेन. कंपनी जी रुंदी छापते ती मागच्या लोखंडी पट्टीच्या कडेपर्यंतची असते, आणि हाडं त्या पट्टीवर किंवा रिवेटांवर आली तर सीट कितीही जुनी झाली तरी ती जागा मऊ होणार नाही. ‘हजार किलोमीटर झाले तरी रुळली नाही’ अशी तक्रार आली की मी आधी रुंदीच विचारतो.

हँडलबार सीटपेक्षा वर असेल तर जवळजवळ सगळा भार मागच्या भागावर येतो, तिथे २०० मिमीच्या पुढची, स्प्रिंगवाली सीट लागते. ब्रूक्स बी ६७ त्यातली. हँडलबार साधारण सीटच्या पातळीवर असेल तर बी १७, सुमारे १७५ मिमी रुंद. हँडल बरंच खाली असेल तर कंबर पुढे कलते, हाडांची टेकायची जागा पुढे सरकते आणि रुंद सीटच्या कडा मांड्यांना घासू लागतात. तिथे टीम प्रो किंवा त्याहून अरुंद स्विफ्ट.

आता जाडी, ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. जाड, घट्ट चामड्याला रुळायला वेळ लागतो, पण ते वर्षानुवर्षं आकार धरून राहतं. पातळ किंवा कारखान्यातच मऊ करून दिलेलं चामडं पहिल्या राइडपासून छान वाटतं, आणि बहुधा तेच आधी ओघळतं. आजचा आराम आणि पुढचं आयुष्य यांत थोडी देवाणघेवाण आहेच. माझा कौल जाड चामड्याला. सुरुवातीचे काही आठवडे छोट्या राइड करून काढायचे, पुढे कित्येक वर्षं विचार करावा लागत नाही.

तुमचे अनुभव लिहा. न पटलेलं आधी लिहा.

---

रानवाट

पुठ्ठ्याची युक्ती आजच करून बघते. माझी अडचण वेगळी आहे. मी रोज कामाला सायकलने जाते, पावसातही, आणि सायकल दिवसभर उघड्यावर उभी असते. अशा वापरात लेदर घेणं शहाणपणाचं आहे का?

---

कळसूत्री

सायकल दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे मेलेल्या लेदर सीट बऱ्याच पाहिल्या आहेत. पाऊस पडला म्हणून सीट मरत नाही. ओल्या सीटवर बसून सायकल चालवल्याने मरते. भिजलेल्या चामड्याचे तंतू सैल असतात, त्यावर अंगाचा भार आला की ते लांबतात आणि वाळल्यावर तसेच राहतात.

दुसरं, पाणी वरूनच येतं असं नाही. मागच्या चाकाचा फवारा थेट सीटच्या पोटाला लागतो आणि खालची बाजू गुळगुळीत केलेली नसल्याने पाणी भराभर पिते. मडगार्ड नसलेल्या सायकलवर लेदर सीट लावायला आले तर मी आधी मडगार्ड सुचवतो. आच्छादन घालून सुद्धा खालून भिजलेली सीट मी पाहिली आहे.

भिजलीच तर फडक्याने टिपून सावलीत वाऱ्यावर वाळवायची. उन्हात, हीटरजवळ, हेअर ड्रायरने अजिबात नाही. ओलं चामडं तापलं की आक्रसतं आणि कडक होऊन रिवेटांच्या भोकांपाशी तडकतं. पूर्ण वाळल्यावर मेणाचा हात.

---

दूरचाकी

@रानवाट, कळसूत्रींच्या म्हणण्यात मी एवढीच भर घालतो: दिवसभर उघड्यावर उभी राहणारी रोजची सायकल आणि सुट्टीची लांब राइड यांच्यासाठी एकच सीट असायला हवी असं नाही. रोजच्यासाठी ब्रूक्सची कॅम्बियम बघा. २०१३ मध्ये आली. वरचा थर कापडाचा, खाली व्हल्कनाइझ केलेलं नैसर्गिक रबर. ताणून बसवण्याचं तत्त्व लेदरसारखंच, पण पावसाची चिंता नाही, रुळवावी लागत नाही, मेण नको. सी १७ चा आकार बी १७ च्या जवळचा आहे. उणीव ही की ती तुमच्या हाडांचा ठसा घेत नाही. पहिल्या दिवशी जशी वाटेल तशीच कायम वाटणार. नव्या कापडाचा पोत थोडा खरखरीत असतो, पातळ पँटला तो जाणवतो.

---

मधुवंती

कॅम्बियमबद्दल अनुमोदन. मी प्राण्याचं चामडं वापरत नाही, त्यामुळे माझ्यासाठी तोच एक मार्ग होता. ‘ठसा घेत नाही’ हे बरोबर आहे, पण रुंदी बरोबर निवडली तर ठसा लागतोच असं नाही. ताणलेल्या रबराला जी लवचीकता असते ती खडबडीत रस्त्यावर हाताला आणि पाठीलाही जाणवते. फोमच्या सीटवर ते कधी मिळालं नव्हतं.

---

चढउतार

मला जाडीचा मुद्दा पूर्ण पटलेला नाही. सेले अ‍ॅनाटॉमिका कंपनीच्या लेदर सीटचं उदाहरण घ्या. मध्ये लांबच लांब फट, दोन्ही बाजू स्वतंत्रपणे खालीवर होतात, आणि पहिल्या राइडपासून आराम. सुरुवातीला चामडं बरंच ताणतं आणि ताण वाढवायचा नाकाखालचा बोल्ट पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो, हे खरं. पण तो बोल्ट त्यासाठीच तर दिलाय. लांब राइडला मधल्या भागात बधिरपणा येणाऱ्यांनी ‘जाड घ्या, सहन करा, रुळेल’ हा सल्ला ऐकू नये. बधिरपणा म्हणजे नस दाबली जातेय. तो सहन करायचा प्रकारच नाही.

---

दूरचाकी

@चढउतार, बधिरपणाबद्दल शंभर टक्के सहमत, आणि हे मूळ लेखात यायला हवं होतं. हाडांखाली दुखणं आणि मध्ये बधिर होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हाडांखालचं दुखणं नव्या सीटवर काही दिवस चालतं, कमी होत जातं. बधिरपणा आला तर त्याच दिवशी काहीतरी बदलायचं: सीटची उंची, कल, हँडलची उंची, नाहीतर सीटच. ब्रूक्समध्येही मध्ये फट असलेले प्रकार आहेत.

जाडीबद्दल मात्र मी माझ्या मतावर आहे. बोल्टला जेवढे आटे तेवढीच त्याची मर्यादा. जे चामडं सुरुवातीलाच निम्मे आटे खाऊन टाकतं त्याच्याकडे पुढच्या वर्षांसाठी कमी उरतं. तुम्हाला आराम लगेच हवा असेल आणि सीट लवकर बदलायची तयारी असेल तर तुमची निवड योग्यच आहे.

---

निळाई

कल हा विषय निघालाच आहे म्हणून. फोमच्या सीटवर नाक अगदी सपाट किंवा किंचित खाली ठेवायची सवय असते. लेदर सीट मध्ये थोडी खोल असते, त्यामुळे नाक सपाट ठेवलं की अंग पुढे घसरत राहतं आणि ते थोपवायला हातांवर जोर येतो. तळहात दुखतात, खांदे आखडतात, आणि दोष सीटला जातो. नाक अगदी थोडं वर केलं की अंग मागच्या रुंद भागात स्थिर बसतं. थोडं म्हणजे खरंच थोडं. दातेरी पकडीच्या जुन्या सीटपोस्टवर (सीट ज्या दांड्यावर बसते तो) एक दाता म्हणजे फार मोठी उडी होते. दोन बोल्टांचा, बारीक फरक करता येणारा सीटपोस्ट घ्या. लेदर सीटसाठी मला तो जवळजवळ अत्यावश्यक वाटतो.

आणि महिलांसाठी: ब्रूक्सच्या ‘एस’ प्रकारांचं नाक आखूड असतं. काहीजणींना ते सोयीचं वाटतं. पण लांब नाक मांड्यांनी सायकल सावरायला उपयोगी पडतं, उतारावर विशेष. मी वाकून बसते आणि मला साधी बी १७ जास्त मानवली. म्हणजे महिला म्हणून आपोआप ‘एस’ घ्यायची असं नाही, आधी पुठ्ठ्यावर मोजा.

---

हळूवार

तेलाबद्दल विचारायचं होतं. नवी सीट रात्रभर नीट्सफूट तेलात (चामडं मऊ करायचं तेल) भिजवली की दोन दिवसांत मऊ होते असं वाचलं. माझी नवी बी १७ खूपच कडक आहे. करू का?

---

कळसूत्री

कृपया करू नका. मऊ होईल, आणि मऊच राहील. या सीटचं चामडं वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेलं असतं, बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात असतं तशा द्रव्याने. त्यामुळे ते एकाच वेळी ताठ आणि घडवता येण्याजोगं असतं. भरपूर तेल आत मुरलं की तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. बुटाला ते चालतं, कारण बुटाच्या चामड्यावर टांगून बसायचं नसतं. सीटवर त्याची झोळी होते आणि शिरलेलं तेल परत काढता येत नाही.

मेणयुक्त मलम लावा. ब्रूक्सचं प्रूफाइड चरबी आणि मेणाचं आहे, बर्थूही स्वतःचं मलम देतात. वरून पातळ थर, रात्रभर ठेवून कोरड्या फडक्याने पुसायचा. नव्या सीटला खालच्या बाजूनेही एकदा लावा. सुरुवातीला थोड्या कमी अंतराने, नंतर वर्षातून एकदोनदा पुरे. सारखं मलम लावत राहणंही वाईटच. दमट हवेत सीट बराच काळ न वापरता ठेवली तर बुरशी येते, ती कोरड्या कापडाने पुसून मग मलम.

---

हळूवार

बरं झालं विचारलं. मग मऊ करायला काहीच उपाय नाही?

---

दूरचाकी

@हळूवार, चालवणं. अंगाची ऊब, थोडा घाम आणि भार, यांनीच हाडांखालची जागा बनते. कुणाला पहिल्याच आठवड्यात बरं वाटतं, कुणाला काही शे किलोमीटर लागतात. त्या काळात लांब राइडला जुनी सीट लावा, नवी सीट छोट्या फेऱ्यांना. आणि ‘कडक आहे’ म्हणून बोल्ट सैल करू नका. सैल चामडं मध्येच खचतं आणि दोन्ही कडा बाहेर फेकल्या जातात.

---

सावकाश

माझं वजन शंभर किलोच्या वर आहे. जाड चामड्याच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. मऊ केलेल्या सीटवर एका मोसमात मध्ये खळगा पडला. आता ब्रूक्स फ्लायर वापरतो. वर बी १७ चंच चामडं, मागे दोन स्प्रिंगा. वजन आठशे ग्रॅमच्या पुढे जातं, पण खड्ड्यातला धक्का मणक्यापर्यंत येत नाही. एक शंका: स्प्रिंगेमुळे पेडल मारताना ताकद वाया जाते का?

---

कळसूत्री

@सावकाश, उंची बरोबर असेल आणि पेडलिंग गोल असेल तर स्प्रिंगा फारशा हलत नाहीत, खड्ड्यातच दबतात. दर पेडलला सीट वरखाली होत असेल तर बहुतेक ती थोडी उंच आहे आणि तुमची कंबर डोलतेय. कंबर डोलली की मांडीचं घासणंही वाढतं.

स्प्रिंगवाली सीट घेणाऱ्यांनी रेल, म्हणजे सीटपोस्टच्या पकडीत बसणारे सीटखालचे दांडे, बघून घ्या. बी ६७ च्या रेल आजच्या सीटपोस्टला बसतात. तिचीच बहीण बी ६६ दुहेरी रेलची आहे, तिला जुन्या पद्धतीची पकड लागते. दुकानात परत करायला येणाऱ्या सीटमध्ये हे कारण बऱ्याचदा असतं.

आणि अजून एक मोजमाप, जे कुणी घेत नाही. बी १७ सारख्या सीटच्या रेलवर पकडीसाठी जागा कमी असते, आणि सीट फोमच्या सीटइतकी मागे सरकत नाही. सरळसोट सीटपोस्टवर ती लावली तर अंग पुढेच राहतं, हाडं अरुंद भागावर येतात. मागे वळलेला, २५ ते ३० मिमी सेटबॅकचा (पकड दांड्याच्या तेवढी मागे असलेला) सीटपोस्ट लागतो. ‘सीट जमली नाही’ म्हणणाऱ्या अनेकांना फक्त सीटपोस्ट बदलून दिला आहे.

---

चढउतार

सेटबॅकचं अगदी खरं.

बर्थूबद्दल कुणी बोललं नाही. जिल बर्थू यांच्या फ्रेंच सीटमध्ये चामडं रिवेटांऐवजी स्क्रूंनी बसवलेलं असतं. चामडं संपलं तर सांगाडा ठेवून फक्त चामडं बदलता येतं. टिकाऊपणाची चर्चा करताना याला मोठं वजन द्यायला हवं. रिवेटवाल्या सीटमध्ये चामडं गेलं की चांगला सांगाडाही कपाटात पडून राहतो.

---

दूरचाकी

हा मुद्दा मी मनापासून मानतो. टिकाऊपणा म्हणजे ‘मोडत नाही’ एवढंच आपण धरतो, ‘दुरुस्त होतं’ हे विसरतो. बर्थूचं चामडंही चांगलं जाड आहे, आणि टूरिंगच्या बसण्याला त्यांचे आकार शोभतात. वजनाचा आग्रह असेल तर टायटॅनियम रेल मिळतात, ब्रूक्समध्येही. पण खडबडीत रस्त्यावर सामान लादून जाणाऱ्याने पोलादी रेल घ्याव्यात असं मला वाटतं. वाचणारे काही ग्रॅम एका बाटलीतल्या पाण्याहून कमी असतात.

ज्यांना इतिहासात रस आहे त्यांच्यासाठी: ब्रूक्सची सुरुवात बर्मिंगहॅममध्ये १८६६ ची, घोड्याच्या साजापासून. सायकल सीटचं पहिलं पेटंट १८८२ चं. २००२ पासून कंपनी इटलीच्या सेले रॉयलकडे आहे. एकेकाळी शर्यतीतले खेळाडूही याच सीटवर बसत, पुढे प्लास्टिकच्या हलक्या कवचाने ते बदललं. शर्यतीला वजन महत्त्वाचं, तिथे ते योग्यच होतं. दिवसभर बसून राहणाऱ्याची गरज मात्र तेव्हाही वेगळी होती.

---

निळाई

जुनी, वापरलेली सीट घेण्याबद्दल काय मत? मला एक बऱ्यापैकी दिसणारी टीम प्रो मिळतेय.

---

कळसूत्री

@निळाई, उलटी करून बघा. रिवेटांच्या भोकांभोवती बारीक भेगा असतील तर घेऊ नका, त्या वाढतातच. नाकाखालचा बोल्ट किती फिरलाय ते बघा, आटे संपत आले असतील तर आयुष्यही संपत आलंय. वरचे दोन खळगे सारखे आहेत का ते पाहा. एका बाजूला कललेली सीट सरळ होत नाही. नुसता रंग उडालाय, चकाकी गेलीय, यावरून मात्र नाकारू नका. आणि खळग्यांमधलं अंतर तुमच्या पुठ्ठ्याशी जुळवा, कारण तो आधीच्या मालकाच्या हाडांचा ठसा आहे.

---

हळूवार

बोल्ट नक्की कधी आणि किती फिरवायचा, हे कुणीतरी सविस्तर सांगा. सीटसोबत छोटा पाना आला आहे, त्यामुळे हात शिवशिवतात.

---

दूरचाकी

@हळूवार, नव्या सीटला पाना लावायचाच नाही. बसल्यावर मध्ये झोळी जाणवू लागली, किंवा पेडल मारताना नाकाची कड टोचू लागली, तर पाव फेरा. मग काही राइड करून बघायचं, गरज वाटली तर आणखी पाव. घाईने घट्ट केलं तर मधली रेघ ताठ होते, नाजूक भागाला टोचते, आणि सगळा ताण नाकाच्या रिवेटांवर येतो.

कडा बाहेर पसरल्या असतील तर मला बोल्टपेक्षा नाडी जास्त पटते. दोन्ही बाजूच्या खालच्या पाखांना समोरासमोर भोकं पाडायची आणि बुटाच्या नाडीने खालून आवळायचं. काही प्रकारांना ही भोकं कारखान्यातूनच येतात. पाखं आत ओढली की मधला भाग आपोआप उचलला जातो, आणि मांड्यांचं घासणंही थांबतं.

सीट रुळत जाते तशी आपली बसायची पातळी काही मिलिमीटर खाली येते, हे लक्षात ठेवा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं तर सीटपोस्ट तेवढा वर घ्या.

---

रानवाट

मोजलं. खळग्यांमध्ये १३० मिमी आलं, हँडलबार सीटच्या पातळीवर. म्हणजे रोजच्या सायकलला सी १७ आणि लांब राइडच्या सायकलला बी १७, बरोबर ना? टीम प्रो दिसायला फार आवडली होती.

---

दूरचाकी

@रानवाट, बरोबर. १३० मध्ये ३० मिळवले की १६० होतात, म्हणजे टीम प्रोची जवळजवळ सगळी रुंदी, आणि हाडं पट्टीच्या अगदी जवळ येतील. बी १७ मध्ये दोन्ही बाजूंना पुरेशी जागा उरते. साधी, मऊ न केलेली घ्या. गडद रंगाची असेल तर सुरुवातीला फिक्या पँटला रंग लागतो, तेवढं सांभाळा. आणि लावण्याआधी सीटपोस्टचा सेटबॅक मोजून इथे लिहा, कळसूत्री बघतील.

---

कळसूत्री

फोटोही टाका, बाजूने काढलेला, क्रँक (पेडलचा दांडा) आडवा ठेवून.